परका झूम आयपीस आणि चार मिलिमीटर

परका आयपीस जोडणारी मधली कडी, म्हणजे अॅडॉप्टर, माझ्या स्पॉटिंग स्कोपच्या (दूरचे पक्षी पाहण्याच्या दुर्बिणीच्या) बायोनेटमध्ये, म्हणजे फिरवून अडकवायच्या जोडणीत, घातला, किंचित फिरवला आणि खटका पडल्याचा आवाज आला. कुठेही ढिलाई नव्हती. ८–२४ मिमीचा झूम आयपीस, म्हणजे डोळा लावायचा, वर्धन बदलता येणारा भिंगसंच, त्यात सोडला, बाजूचे दोन स्क्रू आवळले आणि स्कोप समोरच्या कुंपणावर लावला. तारेवरचा गंज, तारेत अडकलेले वाळके पान आणि त्या पानाच्या शिरा इतक्या स्वच्छ दिसल्या की काम फत्ते झाले असे मी मनाशी म्हटले. मग त्याच रेषेत पलीकडे, झाडाच्या शेंड्यावर बसलेल्या शिकारी पक्ष्याकडे स्कोप वळवला. फोकसचे चाक फिरवत नेले तसे चित्र सुधारत गेले, आणखी सुधारत गेले, आणि चाक अडले. पक्ष्याच्या कडा अजून विरघळलेल्याच होत्या. तो पक्षी त्या दिवशी मला ओळखता आला नाही.

त्यानंतरच्या काही आठवड्यांत जे मोजले, तपासले आणि दुरुस्त करून घेतले, ते येथे सविस्तर लिहीत आहे. दुसऱ्या निर्मात्याचा झूम आयपीस आपल्या स्पॉटिंग स्कोपवर बसवण्याचा विचार करणाऱ्याने पैसे खर्च करण्यापूर्वी कोणते आकडे हाताशी ठेवावेत, हे मला आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

मुळात आयपीस बदलावासा का वाटला, ते आधी सांगतो. माझ्या स्कोपचे वस्तुभिंग, म्हणजे पुढचे मोठे भिंग, ८० मिमी व्यासाचे आहे आणि नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून दूरच्या वस्तूची प्रतिमा जिथे उमटते तिथपर्यंतचे अंतर, ४८० मिमी. त्याच्यासोबत मिळालेला झूम आयपीस २० ते ६० पट वर्धन देतो. त्याच्या मध्यभागी दिसणाऱ्या चित्राबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार दृष्टिक्षेत्राची आहे. २० पटीला त्याचे आभासी दृष्टिक्षेत्र, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या वर्तुळाची कोनातली रुंदी, जेमतेम ३८ अंशांचे आहे, म्हणजे २० ने भागून प्रत्यक्षात १.९ अंश, आणि १००० मीटर अंतरावर सुमारे ३३ मीटर रुंदीचा पट्टा. काळ्या नळीतून पलीकडे डोकावल्यासारखे वाटते. पाण्यावर उतरलेला थवा शोधायचा असतो तो सर्वांत कमी वर्धनावर, आणि नेमके तिथेच बहुतेक झूम आयपीसचे आभासी क्षेत्र सर्वांत अरुंद असते. वर्धन वाढवत न्यावे तसे ते रुंदावते. म्हणूनच काही निर्मात्यांनी झूमची व्याप्तीच कमी केली. २० ते ६० अशी तिप्पट मजल मारण्याऐवजी २५ ते ५० अशी दुप्पट ठेवली आणि त्या बदल्यात प्रशस्त क्षेत्र दिले. लायकाचा २५–५० पटींचा आयपीस ६० ते ८० अंशांचे आभासी क्षेत्र देतो, ते याच तडजोडीमुळे.

आकाशनिरीक्षणासाठी माझ्याकडे ८–२४ मिमीचा एक झूम आयपीस आधीपासून होता. २४ मिमीला त्याचे आभासी क्षेत्र ४८ अंश आणि ८ मिमीला ६८ अंश आहे. ४८० ला २४ ने भागले की २० पट आणि ८ ने भागले की ६० पट, म्हणजे वर्धनाची व्याप्ती मूळ आयपीसइतकीच राहते. मात्र २० पटीला प्रत्यक्ष क्षेत्र २.४ अंश होते आणि १००० मीटरवर सुमारे ४२ मीटरांचा पट्टा दिसतो. रुंदीत नऊ मीटरांची भर म्हणजे क्षेत्रफळात दीडपटीहून अधिक. हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा बदल करण्याचे ठरले.

येथे एका गोष्टीची नोंद आवश्यक आहे. स्पॉटिंग स्कोपच्या आयपीसवर कोरलेले ‘२०–६०×’ हे आकडे त्या एका बॉडीपुरते खरे असतात. आयपीसचा खरा गुण म्हणजे त्याचे नाभीय अंतर, आणि वर्धन हे स्कोपच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतराने भागून येते. पेंटॅक्सच्या पीएफ-६५ईडी या स्कोपचे नाभीय अंतर ३९० मिमी आहे; त्यावर ६.५–१९.५ मिमीचा झूम लावला तर २० ते ६० पट मिळतात, पण माझा ८–२४ मिमीचा झूम लावला तर १६ ते ४९ पटच मिळतील. आपल्या स्कोपचे नाभीय अंतर माहीत नसेल तर ते काढणे अवघड नाही. नाभीय अंतर ठाऊक असलेला आयपीस लावावा, स्कोप दूरच्या उजळ आकाशाकडे धरावा आणि आयपीसच्या मागे हवेत तरंगताना दिसणाऱ्या प्रकाशाच्या गोल ठिपक्याचा व्यास ट्रेसिंग पेपरवर घेऊन कॅलिपरने मोजावा. हाच एक्झिट प्युपिल. वस्तुभिंगाच्या व्यासाला या व्यासाने भागले की वर्धन मिळते आणि वर्धनाला आयपीसच्या नाभीय अंतराने गुणले की स्कोपचे नाभीय अंतर मिळते. माझ्या स्कोपवर २४ मिमीला हा ठिपका ४ मिमीचा भरला. ८० भागिले ४ बरोबर २०, हिशेब जुळला.

बसवण्याच्या सोयीचा विचार करता स्कोप ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात १.२५ इंच म्हणजे ३१.७ मिमी व्यासाचे साधे भोक असते. खगोलशास्त्रीय दुर्बिणींचे हे सर्वमान्य माप असून पेंटॅक्सची पीएफ मालिका आणि सेलेस्ट्रॉनचे रीगल एम२ या वर्गात येतात. दुसऱ्या प्रकारात निर्मात्याचा स्वतःचा बायोनेट असतो आणि तिसऱ्यात आट्यांची जोडणी. तिसरा प्रकार प्रामुख्याने जुन्या बॉड्यांवर दिसतो आणि तिथे आट्यांचा व्यास व अंतर, म्हणजेच पिच, दोन्ही जुळवावे लागतात. याशिवाय काही नव्या रचनांमध्ये हा विषयच संपतो. २०१२ मध्ये आलेल्या स्वारोवस्कीच्या एटीएक्स मालिकेत प्रिझम आणि झूम आयपीस मिळून एकच अखंड मॉड्यूल आहे, आणि झाइसच्या हार्पियामध्ये झूमची यंत्रणा आयपीसमध्ये नसून बॉडीच्या आत आहे. असा स्कोप असलेल्याने या खटाटोपात पडण्याचे कारण नाही.

बायोनेट किंवा आटे असतील तर अॅडॉप्टर लागतो. माझा अॅडॉप्टर ज्याच्याकडून घेतला त्याने बायोनेटचे काम सुरेख केले होते, ते कबूल केलेच पाहिजे. मात्र अॅडॉप्टर बॉडीत घट्ट बसणे ही गोष्ट वेगळी आणि आयपीस प्रकाशाच्या दृष्टीने योग्य जागी येणे ही वेगळी, आणि त्याने दुसऱ्या गोष्टीचा विचारच केला नव्हता.

वस्तुभिंग दूरच्या वस्तूची प्रतिमा एका ठरावीक प्रतलावर तयार करते. आयपीस म्हणजे त्या प्रतिमेकडे पाहण्याचे भिंग. त्याचेही एक प्रतल असते आणि ही दोन प्रतले एकमेकांवर यावी लागतात. फोकसचे चाक फिरवून आपण ती एकमेकांवर आणतो, पण चाकाच्या हालचालीला दोन्हीकडे मर्यादा असते. वस्तू जवळ येते तशी तिची प्रतिमा वस्तुभिंगापासून दूर, म्हणजे आपल्या डोळ्याच्या दिशेने सरकते. किती सरकते, याचे सूत्र सोपे आहे: नाभीय अंतराचा वर्ग भागिले वस्तूचे अंतर. ४८० चा वर्ग २,३०,४००. वस्तू १०० मीटरवर, म्हणजे १,००,००० मिमीवर असेल तर प्रतिमा अनंत अंतरावरच्या प्रतिमेपेक्षा २.३ मिमी मागे पडते. ३० मीटरवर ती जवळपास ८ मिमी मागे पडते. १००० मीटरवर मात्र अवघी पाव मिलिमीटर.

आता अॅडॉप्टर जाड असेल तर काय होते ते पाहू. आयपीस जितका बाहेर उभा राहतो तितके त्याचे प्रतल बाहेर जाते. जवळच्या वस्तूची प्रतिमा तिथपर्यंत पोहोचते, म्हणून कुंपणावरचे पान मला अतिशय स्वच्छ दिसले. दूरच्या वस्तूची प्रतिमा अलीकडेच राहते आणि चाक कितीही फिरवले तरी तिथे पोहोचत नाही. फसगत होते ती येथेच, कारण नवा आयपीस आपण घरात किंवा अंगणात लावून पाहतो, आणि तिथल्या वस्तू नेमक्या ज्या अंतरावर दोष दिसत नाही त्या अंतरावर असतात. मूळ आयपीसपेक्षाही जवळचे दिसू लागल्यामुळे उलट सुधारणा झाल्यासारखी वाटते. उलट प्रकारात, म्हणजे आयपीस गरजेपेक्षा खोल गेला तर, दूरचे सगळे दिसते पण जवळच्या अंतरावर फोकस होत नाही. तो दोष मानण्याचेही कारण नाही, कारण मध्ये एखादी पातळ रिंग घातली की तो जातो. बाहेर राहिलेल्या आयपीसला असा सोपा उपाय नाही. तिथे धातू कापावाच लागतो.

किती कापायचा, हे मला अंदाजाने ठरवायचे नव्हते. फोकसचे चाक दूरच्या टोकाला नेऊन ठेवले आणि एका सरळ रस्त्याकडेच्या खांबांकडे चष्मा लावून पाहिले. पावलांनी मोजलेल्या ९० मीटरांवरचा खांब स्पष्ट होता, त्याच्या पुढचा धूसर. २,३०,४०० भागिले ९०,००० म्हणजे २.५६. अॅडॉप्टर गरजेपेक्षा तेवढे मिलिमीटर जास्त जाड होता. फक्त अडीच मिलिमीटर, आणि त्यांच्यामुळे ९० मीटरांपलीकडचे सगळे जग माझ्या हातून गेले होते.

पण २.५६ मिमी कापून भागणार नव्हते, कारण माझ्या चष्म्याचा नंबर उणे अडीच आहे आणि मी बरेचदा चष्मा कपाळावर सरकवून पाहतो. लघुदृष्टी असलेल्या डोळ्याला चष्म्याविना पाहायचे तर आयपीस प्रतिमेच्या आणखी जवळ न्यावा लागतो. किती, तर प्रत्येक डायॉप्टरला (चष्म्याच्या नंबराच्या एककाला) आयपीसच्या नाभीय अंतराचा वर्ग भागिले १००० इतके मिलिमीटर. २४ मिमीला हा आकडा ०.५८ मिमी येतो आणि ८ मिमीला केवळ ०.०६ मिमी. अडीच डायॉप्टरसाठी २४ मिमीवर १.४४ मिमी. २.५६ आणि १.४४ मिळून बरोबर ४ मिमी. मूळ आयपीसमध्ये निर्मात्याने अनंताच्या पलीकडेही चाक थोडे फिरण्याची जागा ठेवलेली असते, ती अशा डोळ्यांसाठीच. अॅडॉप्टर करणाऱ्याने हे विसरून चालत नाही. हे न समजल्यामुळे एकाच स्कोपबद्दल दोन माणसांची परस्परविरुद्ध मते होतात. दूरदृष्टीचा चष्मा लागणारा माणूस तो चष्मा काढून पाहतो आणि त्याला दूरचे व्यवस्थित दिसते. लघुदृष्टीच्या माणसाला काहीच दिसत नाही. दोघेही खरे बोलत असतात.

अॅडॉप्टर घेण्याआधीच हे सर्व मोजता आले असते. आयपीस काढून बायोनेटच्या तोंडावर ट्रेसिंग पेपरचा तुकडा धरावा, स्कोप रात्री चंद्राकडे किंवा दिवसा दूरच्या उजळ इमारतीकडे रोखावा आणि चाक दूरच्या टोकाला न्यावे. कागद आतबाहेर करताना एका ठिकाणी लहानसे, रंगीत आणि रेखीव चित्र उमटते. ते बायोनेटच्या खांद्यापासून, म्हणजे अॅडॉप्टर ज्या कडेवर टेकतो तिथून, किती मिलिमीटर आत किंवा बाहेर आहे, हे कॅलिपरने मोजले की बॉडीची बाजू कळली. चाक थोडे मागे आणून तेच अंतर पुन्हा घ्यावे, म्हणजे जागा किती आहे याचाही अंदाज येतो. मी हा प्रयोग नंतर केला, आणि पहिल्यांदा चंद्राची ती नखाएवढीही नसलेली प्रतिमा कागदावर उमटलेली पाहताना, इतकी वर्षे वापरलेल्या या उपकरणाच्या पोटात काय चालते ते जणू पहिल्यांदाच डोळ्यांना दिसले.

आयपीसची बाजू मोजणे जरा किचकट आहे. प्लॉसल या साध्या, झूम नसलेल्या आयपीसच्या नळीत खालून डोकावले की काळ्या कडीची किनार दिसते. तिथेच त्याचे प्रतल असते. झूम आयपीसमध्ये मात्र खाली बहुधा प्रकाश फाकवणारा भिंगसमूह असतो आणि प्रतल भिंगांच्या दरम्यान कुठेतरी पडते, त्यामुळे ते डोळ्यांनी सापडत नाही. यावर उपाय असा की एखाद्या खगोलीय दुर्बिणीवर आधी प्लॉसल लावून तारा फोकस करावा, सरकत्या नळीची लांबी मोजून ठेवावी, मग झूम लावून पुन्हा फोकस करावे आणि लांबीतला फरक घ्यावा. प्लॉसलचे प्रतल माहीत असल्यामुळे झूमचेही कळते. दुर्बीण स्वतःची नसेल तर कोणाची तरी तासाभरासाठी मागून घ्यावी. तो तास वाया जात नाही.

दुरुस्तीसाठी अॅडॉप्टर घेऊन लेथवर काम करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडे गेलो. अॅडॉप्टरच्या खांद्याची, म्हणजे आयपीस ज्यावर टेकतो त्या भागाची, जाडी ९ मिमी होती, ती ५ करायची होती. त्याने तुकडा हातात फिरवून पाहिला आणि पहिलाच प्रश्न असा विचारला की खांदा चार मिलिमीटर उतरला म्हणजे आयपीसची नळी चार मिलिमीटर आत जाणार, तिथे आत काय आहे? मी त्याचा विचार केलाच नव्हता. बायोनेटच्या आत, प्रिझमच्या अलीकडे, माझ्या स्कोपला एक संरक्षक काच आहे. पुष्कळ बॉड्यांमध्ये ती असते, कारण आत नायट्रोजन भरलेला असतो आणि आयपीस काढला तरी बॉडी बंद राहावी लागते. बायोनेटच्या खांद्यापासून त्या काचेपर्यंतची खोली मोजली ती २६ मिमी भरली. आयपीसची नळी २८ मिमी लांब होती, तेव्हा ५ मिमीचा खांदा वजा जाता ती २३ मिमी आत जाणार होती. तीन मिलिमीटर शिल्लक राहत होते, म्हणून काम करता आले. खांदा दोन मिमी ठेवला असता तर नळीची कडा थेट काचेवर टेकली असती.

खोली मोजताना कॅलिपरची पोलादी पट्टी काचेला लावू नये. मी आइसक्रीमच्या लाकडी काडीच्या टोकाला कापसाचा बोळा चिकटवून ती हलकेच आत सोडली आणि बाहेर खूण केली. झूम आयपीसच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी घ्यावी लागते. काहींमध्ये वर्धन बदलताना खालचा भिंगसमूह नळीच्या आत पुढेमागे सरकतो, आणि एका टोकाला तो नळीच्या कडेपर्यंत किंवा तिच्या बाहेरही येऊ शकतो. म्हणून आयपीस हातात धरून झूमची कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावी आणि नळीत खालून पाहत राहावे. ज्या बॉडीच्या तोंडाचा व्यासच ३१.७ मिमीपेक्षा कमी आहे तिथे नळी आत जाणारच नाही. अशा वेळी ज्याची १.२५ इंची नळी आट्यांवरून काढता येते असा आयपीस निवडावा आणि खालच्या आट्यांवरच बसणारा पातळ अॅडॉप्टर करून घ्यावा. बाडरच्या हायपेरियन झूमची नळी अशी सुटी होते.

लेथवरून आलेला अॅडॉप्टर आतून चकचकीत होता. दिवसा सूर्य बाजूला असला की अशा कड्यांवरून प्रकाश परततो आणि चित्रावर दुधाळ पडदा येतो, म्हणून आतून खरखरीत काळा मुलामा दिला. हे काम दहा मिनिटांचे आहे, टाळू नये.

झूमची कडी हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. साधा आयपीस एकदा बसवला की त्याला कोणी हात लावत नाही, पण झूम दर मिनिटाला फिरवला जातो. दोन लहान स्क्रूंनी धरलेली नळी या फिरवण्याने अॅडॉप्टरमध्येच गोल फिरू लागते. अॅडॉप्टर आट्यांचा असेल तर एका दिशेने फिरवताना तो हळूहळू उलगडतो, आणि आयपीस नकळत अर्धा-एक मिलिमीटर बाहेर येतो. वरचा हिशेब लक्षात घेतला तर याचा अर्थ काय होतो ते वेगळे सांगायला नको. माझ्या बाबतीत तर कोनात वळलेल्या स्कोपवरून आयपीस निम्मा बाहेर येऊन एकाच स्क्रूवर तोललेला सापडला होता. नळीवरची संरक्षक खाच आणि स्क्रू समोरासमोर न आल्यामुळे पकड अपुरी पडली होती. आता स्क्रूंच्या आत पितळी कडी घालून घेतली आहे. स्क्रू आवळला की कडी नळीभोवती सगळीकडून दाबली जाते, नळीवर ओरखडे पडत नाहीत आणि फिरणे थांबते.

त्रिमितीय छपाईने केलेले प्लॅस्टिकचे अॅडॉप्टर मापे तपासण्यासाठी फार उपयोगी आहेत, आणि मी स्वतः कापण्यापूर्वी ५ मिमीच्या खांद्याचा एक नमुना छापून घेऊन खात्री केली होती. मात्र नेहमीच्या वापरातले पीएलए प्लॅस्टिक ६० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडते आणि उन्हात उभ्या राहिलेल्या बंद गाडीत काळी वस्तू तिथपर्यंत सहज तापते. माझ्या नमुन्याचे बायोनेटचे दात असेच एका दुपारी वाकले. सुदैवाने आयपीस तेव्हा पिशवीत होता.

आता चित्राच्या दर्जाबद्दल. मध्यभागी मूळ आयपीस आणि हा झूम यांत मला फरक सांगता येत नाही, आणि मी तो पुष्कळ शोधला. कडेला मात्र फरक आहे. स्पॉटिंग स्कोपचा निर्माता वस्तुभिंग, प्रिझम आणि आयपीस यांचा एकत्र विचार करतो. एकाचा दोष दुसऱ्याने भरून काढायचा, अशी ती रचना असते. खगोलीय आयपीस समोर प्रिझमची जाड काच नाही असे धरून आखलेला असतो. माझ्या जोडीत २० पटीला क्षेत्राच्या बाहेरच्या सहाव्या भागात पांढऱ्या पक्ष्याच्या पंखाला एका बाजूने जांभळी आणि दुसऱ्या बाजूने पिवळसर-हिरवी किनार येते. शोध घेताना ती मला त्रास देत नाही. छायाचित्र काढणाऱ्याला देईल. क्षेत्र रुंद मिळाले म्हणजे त्या रुंदीभर प्रकाशही पूर्ण पोहोचतो असे नाही, कारण प्रिझमचे तोंड लहान असेल तर कडेचे किरण तिथेच अडतात. हे तपासायला डोळा आयपीसपासून वीतभर मागे न्यावा आणि तो प्रकाशाचा ठिपका पाहत डोके बाजूला सरकवावे. ठिपका गोल राहिला तर ठीक. मांजराच्या डोळ्यासारखा चेपला तर कडेला अंधार येणारच.

चष्मा लावून पाहणाऱ्यांनी आय रिलीफचा, म्हणजे डोळा आयपीसपासून किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसते त्याचा, आकडाही पाहून घ्यावा. ८–२४ मिमीच्या अनेक झूम आयपीसमध्ये तो १२ ते १५ मिमीच असतो. माझ्या चष्म्याच्या काचेमुळे मला मधल्या वर्धनांवर कडेचा थोडा भाग गमवावा लागतो, आणि चष्मा काढून पाहण्याची सवय त्यातूनच लागली. ज्यांना दृष्टिवैषम्याचा, म्हणजे सिलिंडरचा नंबर मोठा आहे त्यांना चष्मा काढून चालत नाही. त्यांनी असा बदल करण्यापूर्वी त्या आयपीसमधून प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज काहीही ठरवू नये.

वर्धन बदलल्यावर फोकस टिकतो का, हाही प्रश्न विचारला जातो. माझ्या झूममध्ये तो जवळजवळ टिकतो, पण पाहण्याचा क्रम उलटा ठेवावा लागतो. २० पटीला आपला डोळा बराच फरक स्वतः सांभाळून घेतो, म्हणून तिथे ‘फोकस झाला’ असे वाटले तरी ६० पटीला गेल्यावर चित्र मऊ दिसते. याउलट ६० पटीला नेमका फोकस करून खाली आले तर २० पर्यंत सगळे नीट राहते. वरच्या सूत्रातले ०.०६ आणि ०.५८ हे दोन आकडे शेजारी ठेवले की याचे कारण दिसते.

हा व्यवहार उलट्या दिशेनेही चालतो, आणि ते मला फार आवडते. लायकाचा स्पॉटिंग स्कोपसाठी बनवलेला तोच २५–५० पटींचा झूम, ज्याचे नाभीय अंतर १७.८ ते ८.९ मिमी आहे, कित्येक आकाशनिरीक्षक अॅडॉप्टर लावून खगोलीय दुर्बिणींवर वापरतात. दुर्बिणीवर सरकती नळी मोठी मजल मारू शकत असल्यामुळे तिथे दोन-चार मिलिमीटरांचा प्रश्न सहसा अडत नाही. स्पॉटिंग स्कोपमध्ये फोकस बंदिस्त बॉडीच्या आतले भिंग किंवा प्रिझम सरकवून होतो, त्यामुळे सगळी कसरत आपल्याला करावी लागते.

पावसाळी हवेत मी मूळ आयपीसच लावतो. त्याच्या बायोनेटवर रबरी कडी आहे आणि पाणी आत शिरत नाही. माझ्या अॅडॉप्टरच्या सांध्यांबद्दल तसे म्हणता येणार नाही. एरवी परका झूमच स्कोपवर असतो.

कापून आणलेल्या अॅडॉप्टरची पहिली परीक्षा मी रात्री घेतली, कारण अनंत अंतराची खात्री ताऱ्याइतकी दुसऱ्या कशाने होत नाही. चष्मा काढला, झूम २४ मिमीवर आणला, चाक फिरवू लागलो. ताऱ्याची फुगलेली चकती लहान होत टिंबाएवढी झाली, आणि चाक पुढे नेल्यावर ती पुन्हा फुगू लागली. टोक अजून आले नव्हते. बोटाच्या पेराएवढी फेरी शिल्लक होती. सकाळी त्याच झाडाच्या शेंड्यावर स्कोप लावला. शिकारी पक्षी नव्हता, पण फांदीच्या सालीवरच्या भेगा आणि त्यांत अडकलेले एक करडे पीस ६० पटीला स्पष्ट दिसत होते.